इंदूरला सगळे बोलतात

नगरला परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "इंदूरला काय काय खाल्लं?" राजवाडा पाहिला का, असं विचारणारे एखाददोन निघाले, बाकी सगळे खाण्याचे. मी सांगते. पोहे खाल्ले, जिलबी खाल्ली, कचोरी खाल्ली, गराडू नावाचे तळलेले कंद खाल्ले नाहीत कारण ते थंडीत मिळतात. ऐकणारा समाधानाने जातो. ज्या कामासाठी मी एवढ्या उन्हात गेले होते ते काम झालं नाही, हे सांगायची संधी अजून कोणी दिलेली नाही. म्हणून लिहिते आहे.

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते. मला नुसतं बोलणं आवडत नाही. शाळेच्या स्टाफरूममध्ये "काय ऊन पडलंय हो" म्हणत कोणी शेजारी बसलं की मी वह्यांचा गठ्ठा पुढे ओढते. ऊन मलाही दिसतंय. काही म्हणायचं असेल तर म्हणा, नाहीतर वह्या तपासू द्या. त्यामुळे माणसं मला जरा टरकून असतात आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

तर मार्चअखेरीला शाळेत माझ्यासाठी फोन आला. इंदूरहून, वहिनीचा. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. आजवर तिने कधी शाळेत फोन केला नव्हता. "ताई, सुट्टी लागली की या. तुमच्या दादांशी बोला."

"काय बोलू?"

"या तर सही," ती म्हणाली. मागे बूथवर कोणीतरी घाई करत होतं, तसा तिने फोन ठेवून दिला.

दादा मिसरूड फुटायच्या आत मामाचा हात धरून इंदूरला गेला आणि मिलमध्ये लूम खात्यात लागला. तिथेच राहिला. महूची मुलगी केली. मूलबाळ झालं नाही. दोन वर्षांपूर्वी मिल बंद पडली. तिच्या आगेमागे शेजारच्याही पडल्या, त्यामुळे एका मिलमधून उठून दुसरीत जायचाही प्रश्न राहिला नाही. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलेलं. दादाच्या पत्रात असायचं ते आंब्यांचं, क्रिकेटचं आणि शेजाऱ्यांकडे आलेल्या केबलचं.

सेंधव्याच्या पुढे

धुळ्यापर्यंत गाडी झोपेत होती. आपल्याकडची गाडी तशीच असते. शेजारच्याचं कोपर लागलं तरी माणूस न बोलता कोपर मागे घेतो. सेंधव्याला चहा झाला, काही उतरले, काही चढले आणि गाडी बोलायला लागली.

माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. टेकायच्या आधीच तिने विचारलं, "कहाँ जाओगे?" इंदूर म्हटलं. कोणाकडे? भावाकडे. भाऊ काय करतो? मिलमध्ये होता. "अच्छा, अच्छा," ती म्हणाली आणि लगेच, "खाना खाया?" मी खिडकीकडे तोंड केलं. त्याचा तिला काही फरक पडला नाही.

जुलवानियाच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी आपटली आणि माझ्या पिशवीतला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडला. वहिनीसाठी केलेली, लसूण घालून. निम्मी चटणी नव्या साडीच्या घडीत. मी "अगं बाई" म्हणाले असेन तेवढंच, पण सगळी गाडी कामाला लागली. कोणी वर्तमानपत्र दिलं, कोणी साडी झटकायची पद्धत सांगितली, मागच्या बाकावरच्या एका गृहस्थाने बोट लावून चटणी चाखली आणि "बेनजी, लहसुन बढ़िया है" असा निकाल दिला. शेजारणीने माझ्याकडून कृती काढून घेतली. महू येईपर्यंत मला त्या गाडीतल्या माणसांची लग्नं, पथरी, बदल्या सगळं माहीत झालं होतं. उतरल्यावर त्यातलं एकही नाव मला आठवेना.

दादा सरवटे स्टँडवर उभा होता. केस सगळे पांढरे, पण इस्त्रीचा शर्ट. मी वाकायच्या आत त्याने माझी पिशवी घेतली.

"शकू! किती सुकून गेली गं! चल, पहिले पोहे."

"घरी जाऊ दे की आधी."

"घर कुठे भागतंय? पोहे संपून जातात."

पोहेवाल्याला त्याने माझी ओळख करून दिली. "ये मेरी सिस्टर, नगर से. मास्टरनी है, संभल के देना." तिथले आणखी दोघे वळून हसले, त्यांच्याशीही बोलणं झालं. पोहे वाफेवर ठेवलेले, मऊ, किंचित गोड, बडीशेप घातलेले, वरून शेव, कांदा आणि जिरावन नावाचा मसाला. आपल्याकडे घरी आलेल्या माणसासाठी पोहे करतात. तिथे माणूस उठून पोह्यांकडे जातो. चांगले होते, खोटं कशाला बोलू. पण मी त्यासाठी आले नव्हते.

"दादा, मिलचं काय झालं मग?"

"चालू आहे. कोर्टात." त्याने माझ्या प्लेटमध्ये डोकावून पाहिलं. "तू जिरावन घेतलंच नाही. भिया, इधर जीरावन."

घर

परदेशीपुऱ्यातल्या त्या दोन खोल्या पूर्वी पाहिलेल्याच. वाटेत मिलची लांबच लांब भिंत लागते. तिच्यावर आता कॉम्प्युटर क्लासची आणि थंड पेयाची जाहिरात रंगवलेली आहे. फाटकाशी एक कुत्रं आणि एक चौकीदार, दोघेही सावली धरून. दादाने टेम्पोतून त्या बाजूला पाहिलं नाही. तो टेम्पोवाल्याला विचारत होता, की डिझेलच्या भावाचं काय ऐकतोयस.

घरात वहिनी वाळली होती. मला पाहून तिने हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग दादा बोलायला लागला तसा सोडला आणि चहा टाकायला गेली.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी मी पाहत राहिले. दादा एकसारखा बोलत होता. पलासियाला आता कसल्या काचेच्या इमारती झाल्यात, कोणत्या गल्लीत कोणाच्या पोराने कोचिंग क्लास काढला, यंदाचा गहू कसा, खालच्या मजल्यावरच्या गुप्ताजींची सून कशी तेज. विनोदीही बोलत होता. मी दोनदा अगदी खळखळून हसले आणि हसल्यावर चिडले, कारण मी विचारलेला प्रश्न त्या हसण्याखाली गेला होता. "पुढे काय करायचं ठरवलंयस?" म्हटलं की "पुढे जेवायचं, मग फिरून येऊ." "तब्येत कशी आहे?" म्हटलं की तब्येतीवरून एका वैद्याची गोष्ट.

वहिनी वाढत होती. त्या दोघांत झालेलं बोलणं मी मुद्दाम ऐकलं. "मीठ." "देते." "पंखा कमी करू?" "राहू द्या." भांडण नव्हतं. आवाज चढलेला नव्हता. भांडण असतं तर मला बरं वाटलं असतं, कारण भांडणात मला मध्ये पडता येतं.

खजराना

तिसऱ्या दिवशी बुधवार होता, तिकडे गणपतीचा वार. वहिनी म्हणाली, ताईंना खजरान्याच्या गणपतीला नेऊन आणते. दादा लगेच, "मी पण येतो, तिथे लाडूवाला आहे एक." वहिनी म्हणाली, "तुमचं सियागंजाचं, पेढीवरचं काम?" मग तो गेला.

देवळाची रांग दुकानांच्या मधून वळत वळत जाते. नारळ, हार, मोदक, प्लॅस्टिकच्या मोटारी. रांगेतच वहिनीने सांगायला सुरुवात केली. घरी तिला सलग दोन वाक्यं बोलायला सापडत नसावीत, म्हणून तिने ते सगळं जवळ तयार ठेवलेलं होतं.

"ताई, मी महूला चालली. भावाकडे. तिथे एका शाळेत शिवणाच्या बाईची जागा आहे, जूनपासून. भावाने मागची खोली रिकामी करून दिली. मोठी आहे, दोघांना पुरेल अशी."

"दादाला सांगितलंस?"

"कधी सांगू? मतलब, सांगायला बसलं की यांची गोष्ट सुरू. रात्री पण. आज सियागंजात काय मजा झाली ऐक. मी ऐकते. दोन वर्षं ऐकतेय."

"कहाँ से आए आप लोग?" पुढच्या एका बाईने वळून विचारलं. वहिनीने हसून सांगितलं. बाईने आपलं उज्जैन सांगितलं, नातवाचं जावळ सांगितलं. वहिनीने नातवाच्या गालाला हात लावला. बाई पुढे वळली तशी वहिनी जिथे थांबली होती तिथूनच पुढे बोलू लागली.

"मिल बंद झाली त्या दिवशी घरी आले, म्हणाले, आज भेंडी चांगली मिळाली. मला शेजारणीकडून कळलं. मी विचारलं, तर म्हणाले, हो, आणि टमाटरही स्वस्त. मग एकदा मी रडली, ताई. त्यांच्यासमोर बसून रडली. तर विचारतात, कांदा तेज आहे का आजचा." ती माझ्याकडे वळली. "मी कांदा चिरत नव्हती. माझ्या हातात काहीच नव्हतं."

रांग पुढे सरकली. 

"तू गेल्यावर परत यायची नाहीस?"

"तासाभराचं तर गाव आहे. पण नाही येणार. इतक्या जवळ राहून येत नाही म्हणजे काय ते लोकांना कळेल, कळू दे." मग ती हळू झाली. "त्यांनी एकदा म्हणावं, जाऊ नकोस. मी राहते. उपाशी राहते. नाहीतर म्हणावं, मी पण येतो. दोन्हीतलं काहीही चालेल मला. बस, एक वाक्य."

"मी सांगते त्याला."

"जाते आहे ते सांगा. तेवढ्यासाठीच तर बोलावलं तुम्हाला. पण काय म्हणायचं ते सांगू नका. तुम्ही सांगितलेलं त्यांनी म्हटलं, तर ते तुमचं झालं. त्यात माझं काय?"

मी कबूल केलं. वर्गात इतकी वर्षं पोरांच्या तोंडात उत्तरं कोंबणाऱ्या बाईने कबूल केलं, की सांगणार नाही.

दर्शन झालं. देवळाच्या मागच्या भिंतीवर लोक उलटं स्वस्तिक काढून नवस बोलतात. इच्छा पुरी झाली की येऊन सुलटं काढायचं. मी वहिनीला म्हटलं, काढ की. "गणपतीशी माझं बोलणं होतंच," ती म्हणाली. "त्याला सगळं माहीत आहे." लाडू घेऊन आम्ही परत आलो. लाडू चांगले होते, असं दादा म्हणाला.

सियागंज

दुसऱ्या दिवशी मी दादाबरोबर त्याचं काम पाहायला गेले. वाटेत सांगून टाकू, असं ठरवलं होतं. पण टेम्पोत सहा माणसं आणि दादा त्या सहाही जणांचा ओळखीचा.

सियागंज म्हणजे ठोक बाजार. मिरची, हळद, साखरेची पोती, हातगाड्या, हमाल, आणि नाकात जाणारी तिखट धूळ. मी पहिली दहा पावलं शिंकतच चालले. एका किराण्याच्या पेढीवर दादा बसतो. तो तिथे तोलत नाही, लिहीत नाही. त्याचं काम बोलण्याचं आहे. आजूबाजूच्या गावांतले दुकानदार माल भरायला येतात, त्यांना चहा पाजायचा, घरचं विचारायचं, माल बांधून होईपर्यंत बसवून ठेवायचं, म्हणजे ते शेजारच्या पेढीवर जात नाहीत. शेठ मोठ्या कौतुकाने मला म्हणाले, "बेनजी, मोहन भिया जैसा आदमी पूरे सियागंज में नहीं. पत्थर को बुलवा दे."

आणि ते खरं होतं. देपालपूरकडचा एक म्हातारा दुकानदार आला. दादाने त्याला गादीवर घेतलं. "दाजी, घुटने का दर्द कैसा? और वो बिटिया की सगाई?" म्हाताऱ्याने आधी गुडघ्याचं सांगितलं. मग पावसाचं. मग मुलाचं नाव निघालं आणि तो थांबला.  दादा चहाचा ग्लास त्याच्या हाताशी सरकवून नुसता बसून राहिला. म्हातारा हळूहळू सांगायला लागला, की पोरगा दुकान विकायचं म्हणतो, पॅकेटच्या जमान्यात सुटं कोण घेतं म्हणतो, चार दिवस घरात बोलणं बंद आहे. सांगता सांगता त्याने पंच्याने डोळे टिपले. दादा "हां" म्हणत होता. "फिर?" म्हणत होता. एवढंच. कोणाचं कसं ऐकावं हे शिकवायचं झालं तर मी दादाला नेऊन दाखवेन.

म्हातारा हलका होऊन गेला. माल दुप्पट घेऊन गेला, असं शेठ म्हणाले.

मला राग आला. खरंच सांगते, तिथल्या तिथे त्या मिरचीच्या वासात माझं डोकं तापलं. "दादा, त्या परक्या माणसाचं एवढं ऐकतोस. घरात का नाही?"

"वो तो धंदा आहे, पगली."

"धंदा नव्हता तो. तू मनापासून ऐकत होतास."

त्याने ग्लास गोळा करत करत उत्तर दिलं. "त्याचं ऐकायला काय लागतं? तो आता देपालपूरच्या बसमध्ये बसून निघून जाणार."

तेवढ्यात पुढचा आला. "आओ भिया, आओ!" दादा उठून उभा राहिला.

ओटा

त्या संध्याकाळी बाबूलाल आला. दादाच्या शेजारच्या लूमवर तो वर्षानुवर्षं होता. दोघे बाहेर ओट्यावर बसले. मी दारातल्या खुर्चीवर लसूण सोलत होते. बोलणं टोमॅटोचं चाललं होतं, की देवासला कसे मिळतात आणि इथे कसे. आणि बोलता बोलता दादाचा हात हलला. दोन बोटं, मग मूठ. बाबूलालने मान हलवली आणि अंगठा वाकवला. टोमॅटो चालूच होते.

 मला आठवलं, लूम खात्यात कानठळ्या बसायच्या. समोरासमोर ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलायची, हे दादाने फार पूर्वी कौतुकाने सांगितलं होतं. म्हणजे इथे आहे तर! टोमॅटो वरवरचे, जगासाठी. आणि आतलं जे काही आहे ते ही दोघं हातांनी एकमेकांना सांगतायत. मिलचं, वहिनीचं, सगळं. दादाला बोलता येतं, फक्त ती भाषा वेगळी आहे. मला इतका आनंद झाला, की लसणाची ताटली मी खाली ठेवली. बाबूलालला विचारायचं, दादाच्या मनात काय आहे ते त्याच्याकडून समजून घ्यायचं, बस.

दादा आत गेला. मी लगेच पुढे झाले. "बाबूलालजी, तुम्ही हातांनी काय बोललात आत्ता? मला सांगा. माझ्या भावाच्या घराचा प्रश्न आहे."

बाबूलाल बिचारा गोंधळला. "हाथों से? अरे बेनजी, वो तो आदत है. छूटती नहीं."

"पण म्हणालात काय?"

"अभी? मोहन भिया ने पूछा, चाय पिओगे. मैंने कहा, आधी."

"आणि मिलमध्ये? तिथे काय बोलायचात?"

त्याने आठवून पाहिलं. "धागा टूटा. शटल फँसी. साहब आ रहे हैं. मैं पेशाब करके आता हूँ, मेरा लूम देखना. पाँच-सात ही तो इशारे थे."

"दुःखाचं काही नाही?"

"लूम पे खड़े होके दुख कौन बोले, बेनजी?" तो म्हणाला. त्याला माझी कीव आली असावी, म्हणून समजावून सांगायला लागला. "इत्ती आवाज़ रहती थी, कि आठ घंटे कुछ सोचना भी नहीं पड़ता था. आराम था. अब चुप्पी हो जाए तो घबराहट होती है. तो बोलते रहते हैं."

दादा चहा घेऊन आला. अर्धा कप बाबूलालला, मला पूर्ण. मग पुन्हा देवासचे टोमॅटो. माझी सगळी आशा त्या अर्ध्या कपात गेली. इतका वेळ मी समजत होते, की ह्या माणसाने काहीतरी आत दडवून ठेवलंय आणि कोणीतरी नीट विचारलं, की ते बाहेर येईल. त्याला ते कोणत्याच भाषेत म्हणता येत नव्हतं. शिकायला वेळच मिळाला नव्हता.

शेवटची सकाळ

माझी परतीची गाडी संध्याकाळची होती. सकाळी वहिनी आत स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. दादा बाहेरच्या खोलीत मला वाटेसाठी कुठली शेव चांगली ते सांगत होता. लवंगेची की लसणाची.

"दादा, शेव राहू दे," मी म्हटलं. "वहिनी महूला चाललीय. कायमची."

मला वाटलं, आता तरी हा थांबेल. तो थांबला. पण दचकला नाही.

"माहीत आहे."

"माहीत आहे? तिने सांगितलं?"

"पेटी काढली ना तिने, माळ्यावरची. कडी ढिली होती. सामान भरलं असतं तर रस्त्यात निघून आली असती." तो खाली बघून बोलत होता. "सियागंजातून नवी आणून बसवली मी."

"कडी बसवलीस? आणि तिला काही बोलला नाहीस?"

"काय बोलू?"

माझ्या जिभेवर ती दोन्ही वाक्यं होती. इतक्या जवळ होती, की मला दात आवळावे लागले. मी म्हटलं, "तुझ्या मनात जे आहे ते."

 एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी त्या खोलीत पंख्याचा आवाज ऐकला. मग तो बोलला, आणि त्यात हिंदी नव्हतं, विनोद नव्हता.

"मी म्हटलं थांब, आणि ती थांबली, तर? मग मी काय करू शकू? सकाळी उठून तिच्याकडे बघायला तर लागेल. आणि येतो म्हटलं, तर मेव्हण्याच्या मागच्या खोलीत काय म्हणून बसू? इथे निदान लोक भिया म्हणून हाक मारतात."

हे तो माझ्याशी बोलला. माझ्याशी, जी संध्याकाळच्या गाडीने जाणार होती. हेच दहा पावलांवर आत जाऊन बोलला असता तर वहिनीने पेटी पुन्हा माळ्यावर टाकली असती, याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. थांब म्हणण्याची तरी काय गरज होती? एवढं बोलला असता तरी तिला पुरलं असतं.

"दादा," मी म्हटलं, "आत जा. आत्ता. एकदा तिच्याशी बोल."

तो उठला. खरंच उठला. शर्ट खाली ओढला, जसा साहेबासमोर जाताना ओढतात, आणि आत गेला. मी जागची हलले नाही. भाकरीची थाप थांबली. मला दारातून वहिनीची पाठ दिसत होती. ती वळली नाही, पण हात परातीत तसेच ठेवून उभी राहिली. तिलाही कळलं होतं, की हा काहीतरी म्हणायला आलाय.

 मग दादाचा आवाज आला.

"अगं, चक्कीवर जाऊन येतो. गहू किती नेऊ?"

मी डोळे मिटून घेतले. पण वहिनीने तो प्रश्न ऐकला, आणि मला वाटतं, माझ्यापेक्षा बरा ऐकला.  त्याला अजून काही म्हणायचं असेल, म्हणून ती थांबली. मग तिने पुन्हा पीठ हातात घेतलं.

"पाच किलोच न्या," ती म्हणाली. "जास्त दळलं तर उन्हाळ्यात पोरकिडे होतात. एकट्याला कधी संपायचं?"

"बरं," दादा म्हणाला.

तो डबा घेऊन बाहेर आला. डबा मोठा, दोघांच्या महिन्याचा. तळाशी थोडासा गहू. माझ्याकडे न बघता त्याने चपला घातल्या. "येतेस? चक्कीवाला मजेदार माणूस आहे." मी उठून त्याच्या मागे गेले. मला त्या घरात वहिनीसमोर एकटीने उभं राहणं शक्य नव्हतं.

चक्की गल्लीच्या तोंडाशीच. चक्कीवाल्याने दादाला लांबूनच हाक मारली. माझी ओळख झाली. नगरला गहू कुठला येतो, असं त्याने मला विचारलं, आणि मी, जिला असलं बोलणं आवडत नाही, त्याला शरबती आणि लोकवनमधला फरक सांगत उभी राहिले, कारण गप्प बसले असते तर रडले असते. त्याने डबा उचलला, हलका लागला म्हणून झाकण काढून आत पाहिलं.

"काय भिया, आज इत्ता-सा ही? भाभीजी कहीं जा रहीं क्या?"

दादा हसला. त्याचं ते पोह्यांच्या गाडीवरचं हसणं, जसंच्या तसं.

"नहीं रे भिया," तो म्हणाला. "गर्मी है ना. आटे में कीड़े पड़ जाते हैं."

"सही बात है," चक्कीवाला म्हणाला, आणि त्याने गहू वरच्या तोंडात ओतला.